अंध-बधिरांच्या शाळा आणि मराठी शिक्षणाचा इतिहास

१

मराठी शिक्षणाचा इतिहास आजवर पुष्कळ लिहिला गेला आहे. १८४८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी काढलेली मुलींची शाळा, १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल, १९१६ चे कर्व्यांचे महिला विद्यापीठ आणि १९१९ साली भाऊराव पाटलांनी स्थापिलेली रयत शिक्षण संस्था हे त्या इतिहासातील ठळक टप्पे होत. कोणत्याही शिक्षकाला ते मुखोद्गत असतात. ज्यांना शाळेची दारे बंद होती त्यांच्यासाठी ती एकामागून एक कशी उघडली गेली, हीच या इतिहासाची मुख्य कथा आहे. ती अभिमानाने सांगावी अशी आहे, यात शंका नाही.

परंतु या कथेत एक प्रकरण बहुधा गाळलेलेच आढळते. ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याच्या बुद्धीची चाल मंद आहे किंवा ज्याला पायरी चढता येत नाही, त्या मुलासाठी शाळेचे दार केव्हा उघडले, कोणी उघडले, आणि त्या दाराशी उभा राहणारा शिक्षक कोण होता, हे प्रश्न आमच्या इतिहासकारांनी फारसे विचारलेले नाहीत. विचारले तेव्हा ते दानधर्माच्या सदरात विचारले, शिक्षणाच्या सदरात नव्हे. हा केवळ मांडणीतील दोष असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. ज्या सदरात एखादी गोष्ट नोंदली जाते त्या सदराप्रमाणेच तिला पैसा, माणसे आणि प्रतिष्ठा मिळते. म्हणून या गाळलेल्या प्रकरणाची काही पाने येथे एकत्र लावण्याचे आम्ही योजिले आहे.

हा लेख लष्करातील माधवगंजातून लिहिला जात आहे, याचाही विषयाशी काही संबंध आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि त्या छावणीचेच लष्कर हे शहर झाले. येथील मराठी कुटुंबे घरात मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी शिकतात. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरात भरले, कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष होत्या, आणि संमेलनाच्या इतिहासात स्त्रीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. मराठी भाषेच्या सीमेवर राहणाऱ्या अशा समाजाला ‘कोणाच्या हाती पुस्तक पोचते आणि कोणाच्या नाही’ या प्रश्नाची धार अधिक जाणवते. तो प्रश्न अंध मुलाच्या बाबतीत दुहेरी होतो, हे पुढे येईलच.

२

प्रथम आमच्या वाङ्मयाकडे पाहू. अंध, बधिर, मुका, पांगळा ही माणसे मराठी वाङ्मयात पहिल्यापासून आहेत. महानुभावांच्या दृष्टांतपाठात हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाती जो अवयव आला तेवढ्यावरून तो संपूर्ण हत्तीचे वर्णन करतो, आणि अपुऱ्या ज्ञानाची सीमा त्यातून वाचकाच्या ध्यानी येते. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका आणि पांगळा अशी पात्रे स्वतंत्रपणे उभी राहतात. ती रस्त्यावरची, भिक्षा मागणारी, ओळखीची माणसे आहेत. नाथांनी त्यांच्या तोंडून परमार्थ वदविला आणि डोळे असून न पाहणाऱ्या श्रोत्यांना त्यांच्या जागी बसविले. ईश्वरकृपेने मुका बोलू लागतो आणि पांगळा पर्वत ओलांडतो, ही कल्पना तर कीर्तनाच्या मंगलाचरणातून घरोघर पोचलेली आहे.

या रूपकांची थोरवी कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. नाथांनी ज्या माणसाकडे लोक पाठ फिरवीत त्याला रंगमध्यावर आणले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्यांतून एक सवय आमच्या अंगी मुरली, हेही मान्य केले पाहिजे. आंधळा म्हटला की अज्ञान आठवावे, पांगळा म्हटला की कृपा आठवावी. तो स्वतः काही शिकू इच्छितो, त्याला गणित यावे आणि भूगोल कळावा, ही कल्पनाच या चौकटीत बसत नाही. त्याच्यासाठी चमत्काराची वाट पाहिली गेली, पाटीची नव्हे.

ज्यांनी ही चौकट मोडली त्यांनी ती स्वतःच्या बळावर मोडली. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) हे तान्हेपणीच दृष्टीला मुकले. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. त्यांच्या विद्वत्तेचे वर्णन करताना चरित्रकार दैवी प्रतिभेवर भर देतात. आम्हांला त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणारी आणि त्यांचे शब्द उतरून घेणारी माणसे लाभली. स्मरणशक्ती त्यांची, परंतु अक्षरांपर्यंतची वाट वाचकांनी करून दिली. असा वाचक न मिळालेली किती बुद्धिमान मुले त्याच प्रांतात भिक्षेच्या झोळीसह विस्मृतीत गेली असतील, याचा हिशेब कोणीही ठेवलेला नाही.

दुसरे उदाहरण ग्वाल्हेरच्या अधिक जवळचे आहे. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. बालपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली आणि शाळेचे शिक्षण तेथेच थांबले. मग त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास पाठविण्यात आले. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणलेली होती. तीच गायकी घेऊन पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि संगीताला क्रमिक पुस्तक, इयत्ता व परीक्षा यांची शिस्त लावली. ज्याला शाळेने सोडले त्यानेच पुढे एका कलेची शाळा बांधावी, यातील विरोध विचार करण्यासारखा आहे.

तथापि, या उदाहरणाचा अर्थ काळजीपूर्वक घेतला पाहिजे. पलुसकरांना संगीत लाभले हे भारतीय संगीताचे भाग्य होय. परंतु डोळे गेले म्हणून शाळा संपली, ही घटना मात्र त्या काळच्या व्यवस्थेचे अपयश होते, आणि त्या अपयशाकडे सर्वांनी स्वाभाविक म्हणून पाहिले. त्यानंतर कित्येक दशके अंध मुलगा म्हटला की पेटी, तबला किंवा खुर्चीचे वेत विणणे एवढेच मार्ग सुचविले जात. ज्याला गळा नाही आणि ज्याच्या बोटांना वेताची आवड नाही, अशा अंध मुलाने काय करावे?

३

संघटित शाळेचा आरंभ आमच्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. युरोपात त्याची पूर्वतयारी शंभर वर्षे आधी झाली होती. फ्रान्समध्ये आबे द लेपे यांनी बधिर मुलांना खुणांच्या साहाय्याने शिकविले, व्हॅलान्तँ आउई यांनी अंधांसाठी उठावाची अक्षरे तयार केली, आणि त्यांच्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेलने १८२९ साली सहा टिंबांची लिपी प्रसिद्ध केली. इंग्लंडात १८९३ साली अंध व बधिर मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदाच झाला. त्याच राज्यसत्तेने हिंदुस्थानात मात्र या मुलांची केवळ गणती केली. शिरगणतीत १९३१ पर्यंत वेडे, मूकबधिर, अंध आणि महारोगी असे चार रकाने असत. पुढे ही नोंद बंद पडली आणि १९८१ मध्ये ती काही काळापुरती परतली. अपंग व्यक्तींच्या संघटनांनी नेटाने मागणी केल्यावर २००१ पासून ती पुन्हा घेतली जाऊ लागली. २०११ च्या गणनेत अशा व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. गणतीत येण्यासाठीही झगडावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मुंबईत १८८५ च्या सुमारास माझगाव येथे बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा सुरू झाली. त्यानंतर १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प यांनी अंधांची शाळा काढली आणि १८९३ साली कलकत्त्यास बधिरांची शाळा निघाली. मराठी मुलखात अंधांच्या शिक्षणाला चालना दिली ती दुष्काळाने. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी हजारो मुले निराधार केली आणि त्यांत अंध मुलेही होती. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा उघडली. दादरची कमला मेहता अंधशाळा ही तिचीच पुढची परंपरा होय. केडगावच्या मुक्तिसदनातही पंडिता रमाबाईंनी अंध मुली व स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग ठेविला, आणि रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल शिकून तेथे ती शिकविली. रमाबाईंच्या विद्वत्तेची आणि धर्मांतराची चर्चा आम्ही शंभर वर्षे करीत आलो. मनोरमेने हाताखाली घेतलेल्या त्या बोटांची चर्चा मात्र क्वचितच केली.

१९०२ साली मुंबईत ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. स्वतः अंध असलेले डॉ. नीळकंठराय छत्रपती यांचे नाव तिच्याशी निगडित आहे. त्यांनी भारतीय भाषांसाठी ब्रेलची एक पद्धती बसविली होती. पुढे नागपुरात १९२८ साली अंधांच्या साहाय्यार्थ संस्था स्थापन झाली, आणि पुण्यात १९३४ साली डॉ. शंकरराव माचवे यांच्या प्रयत्नांनी पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड ही संस्था उभी राहिली. फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत पोलिओने पंगू झालेल्या मुलांसाठी संस्था काढली. १९५२ साली मुंबईतच नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली, आणि अंधांचा प्रश्न देशपातळीवर मांडणारे एक व्यासपीठ मिळाले.

या संस्थांच्या नावांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ‘आश्रम’, ‘सदन’, ‘गृह’, ‘रिलीफ’ हे शब्द त्यांत वारंवार येतात. आमच्या ग्वाल्हेरातील संस्थेचे नावही माधव अंधाश्रम असेच आहे. आश्रम हा शब्द सुंदर आहे, परंतु आश्रमात राहणाऱ्याला आश्रित म्हणतात आणि शाळेत बसणाऱ्याला विद्यार्थी म्हणतात. आश्रिताने कृतज्ञ असावे लागते, विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येतो. पुण्याच्या संस्थेने नावात ‘स्कूल’ आणि ‘होम’ हे दोन्ही शब्द ठेविले, त्यात त्या काळातील सगळी ओढाताण दिसते. मुलांना निवारा हवा होता, हे खरे. परंतु निवाऱ्यासाठी देणगी मिळणे सोपे होते आणि इयत्तेसाठी कठीण होते, हेही तितकेच खरे.

४

आता शिकविण्याच्या पद्धतीकडे वळू. या विषयात मराठी भाषेच्या अभ्यासकाला विशेष रस वाटावा असे पुष्कळ आहे.

भारतीय भाषांसाठी ब्रेल बसविण्याचे प्रयत्न अनेकांनी स्वतंत्रपणे केले. परिणाम असा झाला की एका शाळेत शिकलेल्या अंध मुलाला दुसऱ्या प्रांतातील पुस्तक वाचता येत नसे. एकाच देशात अनेक ब्रेल पद्धती नांदत होत्या. स्वातंत्र्यानंतर हा गोंधळ मिटविण्याचा प्रयत्न झाला आणि १९५१ साली बैरूत येथे युनेस्कोच्या परिषदेनंतर भारती ब्रेल मान्य झाली. त्याच वर्षी डेहराडूनला ब्रेलचे मध्यवर्ती मुद्रणालय सुरू झाले.

भारती ब्रेलचे मूलतत्त्व साधे आहे. सहा टिंबांच्या जुळणीतून त्रेसष्ट चिन्हे होतात. भारतीय भाषांतील समान ध्वनीला समान चिन्ह द्यावयाचे, मग त्याची छापील लिपी कोणतीही असो. मराठी ‘क’, हिंदी ‘क’, गुजराती ‘क’ आणि बंगाली ‘क’ बोटाखाली एकच असतात. डोळस माणसाला ज्या लिपिभेदांनी अडविले, ते भेद अंध वाचकासाठी पुसले गेले. दुसरी एक गोष्ट व्याकरणकारांना आवडावी अशी आहे. देवनागरीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण उच्चार मागाहून होतो. ब्रेलमध्ये व्यंजन आधी आणि स्वर नंतर, असा उच्चाराचाच क्रम पाळला जातो. मराठीच्या ‘ळ’लाही त्यात स्वतःचे चिन्ह आहे.

यावरून एक निष्कर्ष निघतो आणि तो ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन येथील मराठी माणसासाठी महत्त्वाचा आहे. आमच्या घरातील अंध मूल शाळेत हिंदी ब्रेल शिकले, तर त्याच्या बोटांना मराठी ब्रेल जवळजवळ आलेलीच असते. ‘ळ’चे चिन्ह आणि काही किरकोळ संकेत एवढीच भर घालावयाची असते. म्हणजे त्या मुलाला मराठी ग्रंथ वाचता येत नसेल तर त्याचे कारण लिपी नव्हे. पुस्तक उपलब्ध नाही, हेच त्याचे कारण आहे.

बधिरांच्या शिक्षणाचा इतिहास अधिक खडतर आहे. माझगावची शाळा निघण्यापूर्वी पाचच वर्षे, १८८० मध्ये, इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. शाळांतून खुणांची भाषा काढून टाकावी आणि मुलांना ओठांच्या हालचाली वाचून बोलावयास शिकवावे, असा ठराव तीत झाला. त्या ठरावाचा पगडा जगभरच्या शाळांवर अनेक दशके राहिला आणि आमच्या शाळाही त्याला अपवाद नव्हत्या. काही मुलांना या पद्धतीने वाचा आली, हे नाकारता येणार नाही. परंतु जन्मतःच काही ऐकू न येणाऱ्या मुलाची सारी वर्षे एकेक ध्वनी काढण्यात खर्ची पडत, आणि इतिहास, शास्त्र, गोष्टी यांसाठी वेळच उरत नसे. वर्गाबाहेर मात्र मुले हातांनी बोलतच राहिली. भाषा कोणी शिकविल्यावाचूनही मुले ती घडवितात, याचा याहून स्पष्ट पुरावा भाषाशास्त्राला कोठे मिळणार? भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी केंद्र शासनाची स्वतंत्र संस्था दिल्लीत २०१५ साली स्थापन झाली आणि २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा पहिला कोश प्रसिद्ध झाला. कोश हा भाषेच्या प्रतिष्ठेचा दाखला असतो. मोल्सवर्थचा कोश मराठीला १८३१ साली मिळाला. आमच्याच मुलांच्या हातांच्या भाषेला तो मिळण्यास पुढे १८७ वर्षे लागली.

मंदबुद्धी म्हणून बाजूला ठेवलेल्या मुलांच्या शिक्षणाची कथा तर प्रत्येक बालवाडी-शिक्षकाने जाणून घ्यावी अशी आहे. फ्रान्समध्ये इतार आणि त्यांचे शिष्य सेगँ यांनी अशा मुलांसाठी इंद्रियांच्या शिक्षणाची साधने तयार केली. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये आपल्या कार्याचा आरंभ याच मुलांपासून केला आणि त्यासाठी सेगँच्या ग्रंथांचा अभ्यास केला. ही मुले शिकू शकतात, तर सामान्य मुलांच्या शिक्षणात आपले काय चुकते, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यातून माँटेसरी पद्धती जन्मास आली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती आपल्याकडे रुजविली. ताराबाईंनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे तिला ग्रामीण रूप दिले. रंगीत ठोकळे, खरकागदाची अक्षरे, घडणीचे मणी ही आज प्रत्येक बालवाडीत दिसणारी साधने मुळात ज्यांना शाळेत जागा नव्हती त्या मुलांसाठीच्या प्रयत्नांतून आली आहेत. सामान्य शाळेने विशेष शाळेकडून घेतलेले हे ऋण आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच नोंदलेले असते. मराठी मुलखात अशा मुलांची शाळा म्हणून १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने काढलेली जय वकील शाळा आणि १९६४ साली पुण्यात डॉ. सिंधुताई जोग यांच्या प्रयत्नांनी सुरू झालेली कामायनी, यांची नावे येथे घेतली पाहिजेत.

५

आता शिक्षकाचा विचार करू. आमच्या मते या साऱ्या इतिहासाची नाडी येथेच आहे.

१९४४ च्या सार्जंट अहवालात एक महत्त्वाची शिफारस होती. अपंग मुलांच्या शिक्षणाची तरतूद राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचा अविभाज्य भाग असावी आणि तिचा कारभार शिक्षण खात्याकडेच असावा, असे त्यात म्हटले होते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे केंद्रात हा विषय शिक्षण मंत्रालयाकडे होता. १९६० नंतरच्या दशकात तो समाजकल्याणाकडे गेला. महाराष्ट्रातही विशेष शाळा शिक्षण खात्याऐवजी समाजकल्याणाच्या आणि पुढे सामाजिक न्यायाच्या खात्याखाली राहिल्या, आणि २०२२ च्या अखेरीस राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. खाते कोणते, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटेल. परंतु खात्याबरोबर बढतीच्या पायऱ्या, तपासणीची पद्धत, प्रशिक्षणाच्या संधी आणि शिक्षकाची ओळख या सर्व गोष्टी बदलतात. एकाच गावात एकाच वयाच्या मुलांना शिकविणारे दोन शिक्षक दोन निरनिराळ्या खात्यांचे असले, तर ते एकमेकांच्या वर्गात कधी जात नाहीत. सामान्य शाळेतील शिक्षकाला ब्रेलची पाटी कशी असते हे माहीत होत नाही, आणि विशेष शाळेतील शिक्षकाला आपण शिक्षक आहोत की सेवक, असा संभ्रम पडतो.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये या मुलांना शक्य तेथे सामान्य शाळेतच शिकवावे, असा विचार मांडला. त्याच अहवालातील उद्दिष्ट मात्र डोळ्यांत भरण्याइतके माफक होते. १९८६ पर्यंत अंध, बधिर व शारीरिक अपंग मुलांपैकी सुमारे पंधरा टक्के आणि मतिमंद मुलांपैकी सुमारे पाच टक्के मुलांची सोय व्हावी, एवढेच ते होते. उरलेल्या पंचाऐंशी आणि पंचाण्णव टक्क्यांचे काय, याचे उत्तर तेथे नव्हते. १९७४ साली एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना आली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळून विशेष शिक्षकाच्या अर्हतेची व नोंदणीची व्यवस्था लागली. १९९५ च्या कायद्याने अशा मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. २०१६ च्या कायद्याने विकलांगतेचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि समावेशक शिक्षण हे शाळांचे कर्तव्य ठरविले.

कायद्यांची ही मालिका आपोआप तयार झाली नाही. तिच्यामागे अंध, बधिर आणि अपंग व्यक्तींनी स्वतः चालविलेल्या चळवळी होत्या. निवेदने, धरणे आणि न्यायालयातील लढे हे त्यांचे मार्ग होते. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभारली आणि पुढे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. एकनाथांच्या भारुडात पांगळ्याच्या तोंडी दुसऱ्याने शब्द घातले होते. येथे ते शब्द जिचे होते तिनेच लिहिले. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात या स्थित्यंतराची नोंद झाली पाहिजे.

तरीही कायदा आणि वर्ग यांच्यामधील अंतर शिक्षकानेच भरावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ऑक्टोबरमध्ये या प्रश्नाची दखल घेऊन प्राथमिक वर्गांत दहा आणि त्यापुढील वर्गांत पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. तोपर्यंत असे प्रमाणच निश्चित नव्हते, यावरून उपेक्षेची कल्पना यावी. विशेष शिक्षक पुष्कळदा कंत्राटावर नेमला जातो आणि अनेक शाळांत फिरत राहतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या शिक्षकाकडून ब्रेलचे वाचन पक्के व्हावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. डोळस मुलाला अक्षरओळख करून देताना आम्ही त्याच्याकडून रोज पाटी गिरवून घेतो. बोटांना तर त्याहून अधिक सराव लागतो.

सामान्य शाळा बरी की विशेष शाळा, या वादात दोन्ही बाजूंना सत्याचा अंश आहे. सामान्य शाळेत मूल आपल्या गावात, भावंडांत आणि भाषेत राहते. विशेष शाळेत त्याला कसलेला शिक्षक, साधने आणि आपल्यासारखी इतर मुले मिळतात. बधिर मुलांच्या बाबतीत तर खुणांची भाषा बोलणारा समाज हीच मोठी शाळा असते. आमचे मत असे की वाद इमारतीचा नसून शिक्षकाचा आहे. शिक्षकाविना समावेश म्हणजे मुलाला बाकावर बसविणे आणि पटावर नाव चढविणे, इतकेच. तेथे मूल उपस्थित असते आणि शिक्षण गैरहजर असते.

६

शेवटी, हा विषय वाङ्मयीन संस्थेच्या पत्रिकेत का मांडला, याचे उत्तर दिले पाहिजे. आमच्या सभासदांना खात्यांची फेररचना करता येणार नाही, किंवा शिक्षकांच्या नेमणुकाही करता येणार नाहीत. परंतु पुस्तक हे आमचे क्षेत्र आहे, आणि या मुलांच्या मार्गातील एक मोठा अडसर पुस्तकाचाच आहे.

तो अडसर दूर करण्यास आता कायद्याची आडकाठी नाही. २०१२ साली भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन विकलांग वाचकांसाठी सुगम प्रती तयार करण्यास सूट मिळाली. २०१३ मध्ये याच विषयावर माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे अशा पुस्तकांचे संगणकीय ग्रंथालयही चालू आहे. म्हणजे मराठी कवितेचा संग्रह किंवा कादंबरी ब्रेलमध्ये वा ध्वनिमुद्रित रूपात आणावयाची, तर हवा तो शुद्ध मजकूर, नीट वाचणारा आवाज आणि काळजीपूर्वक तपासणी. या तिन्ही गोष्टी साहित्यसंस्थांपाशी असतात. प्रकाशकाने छपाईसाठी जुळविलेला मजकूर अशा संस्थांना द्यावा, सभासदांनी वाचनासाठी आठवड्यातील काही तास द्यावेत, आणि संस्थेच्या प्रत्येक नव्या प्रकाशनाची सुगम प्रत निघावी, एवढे ठरविले तरी पुष्कळ होईल.

शिक्षक सभासदांसाठी आणखी एक काम आहे. परीक्षेत अंध विद्यार्थ्याला लेखनिक आणि ताशी किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळण्याची तरतूद केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. परंतु मराठीचा पेपर लिहिणारा लेखनिक ऱ्हस्वदीर्घ जाणणारा नसला, तर गुण विद्यार्थ्याचे जातात. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी शुद्ध मराठी लिहिणारा लेखनिक मिळणे सोपे नाही. गुलाबराव महाराजांना जो वाचक आणि लेखक लाभला तो योगायोगाने लाभला. आजच्या विद्यार्थ्याला तो योगायोगावर सोडता कामा नये. आपल्या गावातील मराठी शिक्षकांनी आणि निवृत्त सभासदांनी अशा वाचकांची व लेखनिकांची यादी करून ती जवळच्या शाळांना द्यावी.

ज्या मुलाच्या बोटांना हिंदी ब्रेल येते आणि घरी ज्याच्या कानांवर मराठी पडते, असे एक जरी मूल माधवगंजात किंवा जनकगंजात असेल, तरी त्याच्या हाती मराठी पुस्तक देणे हे आमच्या संस्थेचे कर्तव्य ठरते. त्याला फक्त ‘ळ’ शिकावयाचा आहे. बाकीची तयारी आम्ही करावयाची आहे.